गोल म्हणजे गोल

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर दुसऱ्या कुणाकडनं तरी कळेलच. भर मैदानात, हातात माईक घेऊन, मी माझी अब्रू माझ्याच तोंडानं घालवली.

आमच्या मंगळवार पेठेतल्या बायकांनी बास्केटबॉलची टीम काढली. त्यात नेमबाज दोघी. एक शेजारच्या सुनीतावहिनी, दुसरी आमची सौ. वैशाली. गेल्या रविवारी सकाळी फायनल होती आणि टीमला जी जास्त उपयोगी पडेल तिला मानाचा फेटा बांधायचा होता. ठरवणार कोण? मी! का, तर जन्मभर फुटबॉल बघितलाय. बॉल तो बॉल, त्यात काय एवढं?

मी तळहातावर पेनानं रेघा मारत बसलो. बॉल जाळीत गेला की एक रेघ. वहिनी जाळीखाली जाऊन अलगद टाकायच्या, वैशाली लांबूनच भिरकावायची. मॅच एका गुणानं जिंकलो. रेघा मोजल्या, वहिनींच्या नऊ, वैशालीच्या सात. गुणांच्या फळ्यावर मात्र आमचे सदतीस! म्हटलं, फळ्यावाल्याचं डोकं फिरलंय.

आता स्वतःच्या बायकोला डावलायला छाती लागते की नाही? मी माईकवर गरजलो, "घरची असली म्हणून काय झालं? गोल म्हणजे गोल!" टाळी एक वाजली नाही. मला वाटलं, लोक भारावलेत. वहिनींना फेटा बांधूनसुद्धा मोकळा झालो.

वहिनींनी माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"भावजी, जवळनं टाकलं की दोन आणि लांबनं टाकलं की तीन असत्यात. माझं झालं अठरा. वैशालीचं पाच लांबनं, दोन जवळनं, म्हंजी एकोणीस. त्या एकावरच जिंकलोय न्हवं आपण?"

आणि फेटा उतरवून त्यांनी वैशालीच्या डोक्यावर ठेवला. सगळं मैदान खो-खो हसलं. वैशाली तेवढी हसली नाही, आणि मला आधी दुपारचं जेवण आठवलं. कारण रविवार होता, घरी मटण आणून ठेवलेलं होतं!

दुपारी तिनं फेटा डोक्यावर तसाच ठेवून मला वाढलं. पुढ्यात तीन वाट्या, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुकं मटण. वाकून बघतो तर तिन्हींच्या तळाला चमचा-चमचाभरच. मी म्हटलं, अगं, हे काय?

"मोजा की. तीन हायत का न्हाईत? वाटी म्हणजे वाटी."

मी मोजल्या. तीनच होत्या.