दोरीखालचा उजेड

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी बजाजनगरात हंडे मांडून नळाची वाट बघत होतो. त्यांच्या थोरल्याने एवढंच सांगितलं, "काका, नाना गेले." मी बरं म्हणालो, आणि पाणी आल्यावर हंडे भरले. पुढे महिनाभर रडू आलं नाही. नुसता थकवा होता.

वाळूजच्या एका कारखान्यात मी आणि नाना पत्राकामावर बरोबरच लागलो, तेव्हा इथले निम्मे प्लॉट रिकामे होते. नाना पडेगावकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पाण्याला इतके भ्यायचे की गुडघ्यापुढे कधी उतरले नाहीत. पण पत्र्यातला बारीकसा पोचा त्यांच्या हाताला कळायचा. माझा मेहुणा रामा पैठणच्या धरणात मासेमारी करतो, त्याच्याकडे ते रविवारी माझ्याबरोबर येऊ लागले आणि होड्यांच्या नादी लागले. होडी पालथी घालायची, तळावर पुढून मागे सुती दोरी ताणायची आणि एक डोळा मिटून तिच्याखालून बघायचं. उजेड दिसला की तिथे तळ आत गेलेला. मागे असा खळगा पडला की होडी नाक पाण्यात खुपसते... मला हे पाठ झालं, त्यांची नजर मात्र आली नाही.

मग लागोपाठ दुष्काळ पडले. धरण आटलं, होड्या भेगाळलेल्या गाळावर पालथ्या पडल्या. नानांच्या भावाने मेंढरं काठच्या हिरवळीवर आणली, त्यांच्यासाठी आम्ही दोघांनी टेम्पोतून कडबा नेला. खाली वाळवी लागेल म्हणून पेंढ्या रामाच्या फायबरच्या होडीवर रचायची कल्पना माझी, रचल्याही मीच. उन्हात फायबर ओझ्याने बसतं, हे आम्हा पत्र्यातल्या माणसांच्या डोक्यातच आलं नाही. अख्खा उन्हाळा तो भार तिच्या मागच्या अंगावर होता.

पाणी परतलं आणि रामाची होडी चालेना. नाक खाली, इंधन मात्र भसाभस प्यायची. त्याने इंजिन दोनदा खोललं, पंखा बदलला. शेवटी वैतागून म्हणाला, होडी विकतो आणि कंपनीच्या गेटावर कामासाठी उभा राहतो.

नानांनी दोरी ताणली. बराच वेळ बघितलं, मग मला बघायला लावलं. दोरीखाली उजेडाची चीर होती, बरोबर पेंढ्यांच्या जागी. आमची नजरानजर झाली.

"रामा, इंजनाचं काय नाय," नाना म्हणाले. "माझ्या कडब्याच्या वझ्यानं तळ बसला. चूक माझी हाय."

मी तिथेच बोलायला हवं होतं... बोललो नाही. पुढचे कितीतरी रविवार नानांनी तो खळगा कापून, नवं फायबर चढवून, घासून सरळ केला. मी कानस आणि पाणी देत राहिलो. होडी पुन्हा पळू लागली, रामा धरणावरच राहिला, आणि माझी लाज माझ्यापाशी.

नानांच्या घरच्यांनी ती दोरी मला दिली. गेल्या रविवारी ती घेऊन धरणावर गेलो. यंदाही पाणी मागे सरलंय. रामाची होडी पालथी होती, वर काही ठेवलेलं नव्हतं. मी दोरी ताणली. उजेड नव्हता. मग सांगून टाकलं, तो कडबा मी रचला होता.

"रचताना बघितलं व्हतं मी, दाजी," रामा म्हणाला. "नानांनी चूक अंगावर घेतली, तवाच त्यांला बोललो. ते म्हणले, तू इचारू नको. त्यो सांगल."

मी होडीला टेकून खाली बसलो आणि महिनाभर अडलेलं रडू आलं. रामाने दोरी नाना गुंडाळायचे तशी चार बोटांवर सावकाश गुंडाळली आणि माझ्या खिशात ठेवली.