घेवड्याच्या जाळीतली बाळंतीण

निवृत्त होऊन मला चार महिने झाले होते, तरी पहाटे पाचला जाग यायचीच. तीसेक वर्षं सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून काढली. तिथं हाताला उसंत म्हणून नव्हती. आणि आता दिवसभर करायला काही नाही. स्वयंपाक दोघांचा. धुणं मशीनमध्ये. नवरा माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेला, शाळामास्तर माणूस, पेपर घेऊन ओट्यावर बसला की दुपारपर्यंत उठत नाही. मी मात्र या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायची. चादरी पुन्हा पुन्हा झटकायची. तो म्हणायचा, "अगं, बस की जरा. कुणी हजेरी घ्यायला येणार न्हाई आता."

म्हणून मी परसात घेवडा लावला होता. अंबाजोगाईतून परळीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे. मागं थोडी मोकळी जागा, तिच्यापलीकडं दगडाचा बांध आणि मग माळ. होले पक्षी येऊन कोवळी रोपं खुडायचे, म्हणून मी बाजारातून नायलॉनची हिरवी जाळी आणून वाफ्यावर अंथरली होती आणि कडांवर दगड ठेवले होते. एका बाजूची कड सैल राहिली होती. उद्या करू, परवा करू म्हणून ती तशीच राहिली.

श्रावणातली एक सकाळ होती. पाऊस आठ-दहा दिवस गायब. पाणी घालायला गेले तर सैल कडेपाशी जाळीचा गोळा झालेला. त्यात नारळाएवढं काहीतरी अडकलेलं. मी पायानं ढकलणार, तेवढ्यात ते फुसकारलं.

मी अशी ओरडले की नवरा पेपर टाकून आला.

"साप हाय का?"

"सापाला काटे असतात का, अहो?"

तो वाकून बघायला लागला. "साळिंदराचं पिल्लू दिसतंय."

पण साळिंदराचे काटे मी पाहिले होते. लांब, काळेपांढरे. हे तसलं नव्हतं. आखूड, दाट, सारवणाच्या केरसुणीसारखे काटे आणि त्याखाली कुठंतरी तोंड लपलेलं. नंतर नवऱ्यानं मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं, हा जाहक, इंग्रजीत हेजहॉग. आमच्याकडं लोक काटेरी उंदीरच म्हणतात, आणि उंदराचा तो कुणी लागत नाही म्हणे.

त्या वेळी मला नाव-गाव सुचत नव्हतं. मला दिसत होता तो मागचा एक पाय. जाळीचे तीन-चार धागे त्याला करकचून आवळले होते. पंजा काळपट, सुजून गोट्यासारखा. रात्रभर सुटायची धडपड केली असणार, म्हणजे दर झटक्यासरशी फास घट्ट होत गेला. आणि जाळी माझी होती.

घरात गेले, जुना टॉवेल, टोकाला गोल असलेली कात्री, सलाईनची बाटली, आयोडीन, सगळं ताटात मांडून आणलं. चार महिन्यांत पहिल्यांदा, कुठल्या खोलीत कशाला आले हे माझ्या लक्षात होतं. नवऱ्याला म्हटलं, टॉवेलात धरा, दाबू नका. तो हात लांब करून, मान मागं घेऊन धरायला लागला.

"टोचतंय की गं!"

"मग काय गुदगुल्या करणार?"

धागा मांसात रुतला होता. कात्रीचं टोक आत जाईना. मी पाण्याचं बोट लावून, एकेक धागा वर उचलून कापत गेले. प्रत्येक धागा सुटला की ते आणखी आवळून गोल व्हायचं, आणि पाय आत ओढायचं. शेवटचा धागा कापला तेव्हा पंजाला हळूहळू लाली आली. रक्त फिरायला लागलं होतं. जखम धुतली, माशीची अंडी आहेत का बघितलं. नव्हती. माझे दोन्ही गुडघे मातीनं भरले होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं लुगडं घालून त्याला ठेवलं. नवऱ्यानं वाटीत दूध आणलं. मी ते खोक्यात ठेवणारच होते, पण आधी विचारावं म्हणून वनखात्यात फोन लावला. तिकडं एक शांत बोलणारा माणूस होता.

"दूध देऊ नका, मॅडम. पोट बिघडून मरतं. पाणी ठेवा. उकडलेलं अंडं कुस्करून द्या. चार-पाच दिवस ठेवता येईल, तोवर आमचं माणूस येईल." मग म्हणाला, "नर हाय का मादी?"

"ते गोळाच होऊन बसलंय, कसं कळणार?"

"पोट बघा. आत्ता पिल्लांचे दिवस हायेत. दूध पाजणारी असली तर चार दिवस ठेवून चालणार न्हाई. आज संध्याकाळीच जिथं सापडली तिथं सोडावं लागंल. न्हाईतर पिल्लं जातील."

पोट बघायचं कसं? गोळा उलगडायला बघितलं तर जास्तच मिटायचं. शेवटी मला सुचलं. टीपॉयची काच काढली. नवऱ्यानं दोन खुर्च्यांवर ती आडवी ठेवली, मी वर प्राणी ठेवला आणि खाली फरशीवर उताणी झाले. आम्ही दोघं गप्प. घड्याळात दहा मिनिटं गेली असतील. मग एक पाय बाहेर आला. मग नाक, ओलं, सारखं हलणारं. ते काचेवर चार पावलं चाललं, लंगडत, आणि मला खालून पोट दिसलं. विरळ केस, दोन्ही बाजूंनी आचळं, आजूबाजूचे केस चिकटून दबलेले. थोडी वर्षं मी बाळंतीण वॉर्डातही काढली होती. दूध ओढलेलं मला ओळखू येतं.

"पाजणारी हाय," मी खालूनच म्हटलं. "बाळंतीण हाय ही."

नवरा काच सांभाळत उभा होता. म्हणाला, "मग आता?"

आता म्हणजे संध्याकाळपर्यंत वाट बघायची. उन्हात सोडली तर घारी आहेत, कुत्री आहेत, आणि सुजलेल्या पायानं ती बांधापर्यंत तरी पोचेल का, माहीत नाही. आणि तोवर पिल्लं कुठंतरी दगडाखाली उपाशी. मी खोक्यापाशी बसले, उठले, पुन्हा बसले. तिनं अंडं हुंगलं आणि सोडून दिलं. मग खोक्याच्या कोपऱ्यात नखांनी खरवडायला लागली. खर्र, खर्र, थांबायचं नाही. तो आवाज मला घरात कुठंही ऐकू येत होता.

अकराच्या सुमाराला एक बाई आली. बांधापलीकडच्या वस्तीतली, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली. पावसाळाभर आजूबाजूच्या शेतात खुरपायला जायची आणि जाता-येता आमच्या बोअरचं पाणी न्यायची. त्या दिवशी कळशी नव्हती. कडेवर चार वर्षांची पोर होती.

"शिस्टरबाई, तुमच्याकडं काटेवालं घावलंय म्हणं?"

बातमी कशी गेली कुणास ठाऊक. मी हो म्हटलं.

"मला चार काटे द्या त्याचे. उपटून. लेकीला दमा हाय. धारूरकडच्या जाणत्यानं सांगितलंय, काटे जाळायचे आन् राख मधात चाटवायची. दोन महिने शोधतीय मी."

खोक्यातून खर्र खर्र चालूच. पोरीच्या छातीतूनही आवाज येत होता. तीन हातांवरून ऐकू येणारी शिट्टी. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत जात होती.

"अगं, हिला दवाखान्यात कावून न्हाई नेलं?"

"नेलंतं की मागं. त्यांनी पंप लिहून दिला. लोक म्हणले पंपाची सवय लागती, मग आयुष्यभर सुटत न्हाई."

"काट्यानं काही होत नाही, बाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खोक्याकडं, आयोडीनच्या बाटलीकडं, कुस्करलेल्या अंड्याकडं. आवाज चढवला नाही तिनं. "उंदराला अंडं घालता, औषध लावता. माझ्या लेकराला चार काटे मागितले तर न्हाई म्हणता."

हे लागलं मला. अजूनही लागतं. चार काटे उपटले असते तर तो प्राणी मेला नसता, आणि ती बाई खुश होऊन गेली असती. पण त्या काट्यांवर विसंबून ती पोर रात्र काढणार होती, आणि अशा रात्री सकाळपर्यंत कशा संपतात ते मी पाहिलेलं होतं.

पाय सोडवताना टॉवेलात दोन काटे तुटून राहिले होते. मी ते काढले. "हे घे. पण आधी माझ्याबरोबर चल. आत्ता. वाफ देऊन आणू पोरीला, मग तू काटे जाळ न्हाई तर पूज."

जन्मभर लोकांना अंगारे-धुपारे करू नका म्हणून सांगत आलेल्या मी काटे लाच म्हणून दिले. मला माझंच नवल वाटलं. तिनं ते पदराच्या टोकाला बांधले आणि म्हणाली, "चला."

नवऱ्याला सांगितलं, मांजर येऊ देऊ नका, पाणी बदला, आणि ऊन कलल्याशिवाय सोडू नका. आम्ही रिक्षात बसताना तो ओरडून म्हणाला, "आन् तूच वेळेवर ये म्हंजे झालं!"

दवाखान्यात शिरले तर सवयीनं आतल्या दाराकडं वळले. मग लक्षात आलं, आपण आता केसपेपरच्या रांगेतलं माणूस. रांग हलेना. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर. पोर आईच्या खांद्यावर मान टाकून होती. शेवटी एका ओळखीच्या मावशींनी मला पाहिलं, पोरीचा श्वास पाहिला, आणि सरळ आत घेतलं. वाफेचा मास्क लावला तशी पोर रडायला लागली. आई म्हणे, "घुसमटती का?" मी म्हटलं, "रडतीय म्हंजे हवा जातीय. रडू दे."

दुसऱ्या वाफेनंतर शिट्टी कमी झाली. डॉक्टर तरुण होता. त्यानं पंप, त्याला जोडायची मास्कवाली नळी, म्हणजे स्पेसर, सगळं लिहून दिलं, पण घाईत सांगितलं. मग मावशींकडून वॉर्डातला पंप आणि स्पेसर मागून घेऊन बाहेरच्या बाकावर मी त्या बाईला शिकवलं. पंप हलवायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट धरायचा, एकदा दाबायचा, मग सावकाश दहा श्वास मोजायचे. "सवय लागत न्हाई. चष्मा लावला तर डोळ्याला सवय लागती का?" ती म्हणाली, "लागतीच की." मला हसू आलं. पण तिनं मला तीनदा करून दाखवलं, आणि तिसऱ्या वेळी बरोबर.

हे सगळं करताना निम्मं मन घरी. नवऱ्याचे दोन फोन. "सारखं खरवडतंय गं. नाकातनं रक्त आलंय खोक्याला घासून घासून. सोडू का?" ऊन होतं अजून. मी म्हटलं, थांबा. फोन ठेवल्यावर वाटलं, चुकीचं सांगितलं का? औषधाच्या दुकानात स्पेसर मिळेना. दुसऱ्या दुकानात मिळाला. रिक्षा मिळेना. सहा वाजून गेले.

पोचलो तेव्हा सूर्य माळावर टेकला होता. नवरा मांडीवर खोकं घेऊन परसात बसला होता, जणू नातवंड निजवतोय. जाळी त्यानं पूर्ण काढून, गुंडाळून पत्र्यावर फेकली होती. घेवडा उघडा.

मी खोकं सैल कडेच्या जागी आडवं केलं. ती बाई पोरीला घेऊन बांधाशी उभी राहिली.

थोडा वेळ काहीच नाही. मग नाक बाहेर आलं. ती निघाली ती थेट बांधाच्या दिशेनं, तीन पायांवर, चौथा टेकवत-उचलत. मध्ये एकदा थांबली, कुशीवर कलंडली. पुन्हा उठली. पोर कडेवरून म्हणाली, "आई, ते पळतंय." खरं तर ते पळणं नव्हतंच. पण दोन दगडांच्या मधल्या फटीत ती शिरली आणि दिसेनाशी झाली. नवरा तिथं कान लावून बसला. काही ऐकू आलं का विचारलं तर म्हणाला, "आलं." मला आलं नाही. त्यानं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल.

पुढचे काही दिवस मी बांधाशी अंडं ठेवत होते. सकाळी वाटी रिकामी असायची, पण ते मांजरही खाऊ शकतं. पाय जगला का, सडला का, काही कळायला मार्ग नव्हता. पंधराएक दिवसांनी दिवेलागणीला नवऱ्यानं हाक मारली. मी हात पुसत धावले तोवर झुडुपात एक काटेरी पाठ जाताना दिसली, तेवढीच. तो शपथेवर सांगतो की मागं दोन छोटी होती. मी विचारलं, लंगडत होती का? तो म्हणाला, "ते न्हाई बघितलं." मास्तर माणूस, नको तिथंच बघतो.

त्या बाईनं काटे जाळून चाटवले, आणि पंपही दिला. मला नंतर स्वतःच सांगितलं. "दोन्ही केलं, बाई. कशानं गुण आला देवाला ठाऊक." मी वाद घातला नाही. फक्त तिच्याकडून महिन्याभरात पंपाचं रिकामं डबडं मागून घेतलं, खरंच वापरलाय का ते बघायला. वापरला होता.

दिवाळीनंतर ती टोळीबरोबर ऊसतोडीला गेली, पोरीला घेऊनच. ठेवणार कुणाकडं? जाताना मी दोन पंप दिले आणि माझा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. फोन येईल असं वाटलं नव्हतं. पण पौषात एका दुपारी आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, वारा, माणसांची हाकाहाक.

"शिस्टरबाई, लई धुराळा हाय हितं. पोरीला पुन्हा चालू झालंय. मास्क फाटलाय, काय करू?"

"आधी मला तिचा श्वास ऐकव. फोन छातीला लाव."

शेतातला वारा, कुणाची तरी शिवी, आणि मग ती शिट्टी. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत श्वास मोजायला लागले.