दगडोबांचं दही आणि संध्याकाळचं नेट

कळंबच्या एसटी आगारात दगडोबा मेकॅनिक होते तोवर एकही गाडी त्यांच्याशी खोटं बोलू शकली नाही, असं ते स्वतःच सांगतात. नुसता हात लावून इंजिनाचं दुखणं ओळखायचे म्हणे. निवृत्त होऊन ते गावी आले, त्यांची बायको वारली, मुलगा रणधीर पुण्याला कारखान्यात लागला. घरात उरले ते आणि सून राजेश्वरी. तिला पुण्याच्या एका खोलीत करमायचं नाही. तिनं घरी नेट घेतलं आणि रोज संध्याकाळी लॅपटॉपवर शहरातल्या मुलांना गणित शिकवायला लागली. म्हणून संध्याकाळचं स्वयंपाकघर सासऱ्याकडे आलं आणि त्यात त्यांनी नाव काढलं ते दह्याचं. दही असं घट्ट की चमचा उभा राहावा. राजेश्वरीला भाकरीबरोबर ते लागायचंच, आणि ती वाटी पुसून खाते हे बघण्यातच दगडोबांचं अर्धं पोट भरायचं.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि दही लागेना. नुसतं पाणी. दगडोबांना ते अपमानासारखं वाटलं. चुलीजवळ ठेवून पाहिलं, ज्वारीच्या पोत्यात ठेवून पाहिलं, पण दही पातळच निघायचं. मग एकदा कोनाड्यातल्या नेटच्या डब्यावर हात पडला. छान उबदार. त्या दिवसापासून म्हशीची धार काढली, दूध तापवून कोमट केलं, विरजण लावलं की स्टीलचं पातेलं त्या डब्यावर बसायचं आणि वरून दोघांना मिळून एक जाड शाल गुंडाळली जायची. सकाळी दही असं लागलेलं असायचं की बोलायची सोय नाही.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. दगडोबांच्या आलं नाही.

राजेश्वरीचा वर्ग सुरू झाला की नेट आचके द्यायला लागलं. मुलांचे चेहरे तोंड उघडून तसेच थांबायचे, ती एक गणित पुन्हा पुन्हा सांगायची, शेवटी सगळंच बंद पडायचं. पालकांच्या तक्रारी गेल्या. वर्ग चालवणाऱ्यांनी तिला कळवलं की महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर मुलं दुसऱ्याकडे देऊ. रणधीर म्हणाला, पुण्यालाच ये, मी मोठी खोली बघतो. ती येळवस, म्हणजे शेतातली वेळा अमावस्येची पूजा, झाली की येते म्हणाली. दगडोबांनी ‘बरोबर हाय’ म्हणून मान हलवली, पण त्या रात्री त्यांना घास गेला नाही. सून गेली तर या घरात बोलायला म्हैसच उरणार होती, आणि ती काही फार बोलकी नव्हती.

तेव्हा त्यांनी तपास हाती घेतला. आगारातला नियम होता, आधी साध्या गोष्टी बघायच्या. त्यांनी डबा बंद करून चालू केला. लिंबाच्या झाडातून येणारी तार फांदीला घासत होती, ती फांदी छाटली. नेटवाला भर दुपारी आला, त्याच्या मोबाईलवर वेग उत्तम दिसला, चहा पिऊन गेला. मग दगडोबांचा संशय शेजारच्या मल्लिनाथच्या पिठाच्या गिरणीवर गेला. गिरणी वीज ओढते म्हणून नेट मरतं, हे त्यांनी इतक्या ठासून सांगितलं की भिडस्त मल्लिनाथनं दिवेलागणीला गिरणी बंद ठेवायला सुरुवात केली. बायका दळणाचे डबे घेऊन परत जायला लागल्या आणि बडबडायला लागल्या. नेट मात्र होतं तसंच. एकदा तर दगडोबांनी शालीखाली हात घालून पाहिला, डबा चांगलाच तापला होता. “लई काम पडतंय बिचाऱ्याला,” एवढंच ते कळवळून म्हणाले.

येळवशीच्या आदल्या संध्याकाळी सगळं दूध खिरीसाठी काढून ठेवलं होतं. आंबिलीचं ताक आधीच झालेलं. विरजायला काही उरलं नाही. दगडोबा ओसरीवर ज्वारीच्या कणसांची जुडी बांधत बसले होते आणि आतून राजेश्वरीचा आवाज येत होता. येतच राहिला. मुलं उत्तरं देत होती, कुणीतरी हसलं, वर्ग पुरा झाला. दगडोबांना आधी देवच पावला असं वाटलं. मग त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला. आज काय वेगळं होतं? ते उठून कोनाड्यापाशी गेले. पातेलं नव्हतं, शाल खुंटीला होती. डब्यावर हात ठेवला, कोमट होता. म्हणजे रोज पातेल्याखाली अन् शालीत डबा उकडून बंद पडत होता, आणि तो त्यांच्याच हातानं.

गुपचूप पातेलं हलवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण मल्लिनाथचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

येळवशीला शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारली, पांडवांची पूजा झाली, पंगत बसली. रणधीर पुण्याहून आला होता, मल्लिनाथला मुद्दाम बोलावलं होतं. आंबील वाढता वाढता दगडोबांनी सगळं सांगून टाकलं, पातेल्यापासून शालीपर्यंत. मल्लिनाथकडे वळून म्हणाले, “तुझी गिरणी म्या उगं बंद पाडली. उद्यापासून चालू कर, अन् पहिलं दळण माझंच घे.” मल्लिनाथला ठसका लागला. रणधीर पोट धरून हसत सुटला.

राजेश्वरी हसली नाही. तिनं विचारलं, “मामा, ते दही तिथं कशापायी ठेवत हुता?”

“तुला घट्ट लागतं म्हणून,” दगडोबा म्हणाले. हातातली पळी तशीच राहिली. “माझ्याच हातानं तुला घालवत हुतो बघ. जाऊ नगंस, पोरी. मला करमायचं न्हाय.”

एवढं सरळ ते आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. राजेश्वरीनं पदरानं डोळे पुसले आणि रणधीरकडे न बघताच म्हणाली, “खोली बघू नका आता.” मग आपली वाटी सासऱ्यापुढे धरली.

दुसऱ्या संध्याकाळी गिरणी धडधडत होती, आत वर्ग चालला होता, आणि पातेलं शालीसकट ज्वारीच्या पोत्यात बसलं होतं. सकाळी दही पातळच निघालं. राजेश्वरीनं ते वाटी पुसून खाल्लं.