कुणीही न शोधलेला थांबा

ती घटना आठवली की मला आजही थोडे अवघडल्यासारखे होते. गुन्हा उघडकीस आला, आरोपी मिळाला, मुद्देमाल हस्तगत झाला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. कागदावर पाहाल तर माझ्या नोकरीतली ही एक साफसुथरी केस आहे. तरीही ती सांगताना मी एकदा घसा खाकरतो.

मी तेव्हा दौंड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. सोमवारी सकाळी एक मुलगी आजोबांबरोबर आली. धनगर कुटुंब. आजोबांच्या तरुणपणी घर मेंढरांमागे फिरायचे. आता विहीर, ऊस आणि पक्के घर झाले होते. बोलायला सुरुवात आजोबांनीच केली.

"साहेब, पोरीचा नर्सिंगला नंबर लागलाय. गुरुवार शेवटचा हाय. वरिजनल कागद न्हाई दावलं तर शीट दुसऱ्याला जाती म्हंत्यात."

"मग कागद कुठे आहेत, आप्पा?"

"त्येच तर सांगाया आलोय."

पुढचे मुलीने सांगितले. प्रवेशाची यादी लागेपर्यंत दोन महिने कंपनीत काम करावे म्हणून तिने मोबाईलवर शोधले. रांजणगावच्या कंपन्यांत बायकांना काम, बसची सोय, असे लिहिलेली एक वेबसाइट सापडली. तिच्यावरच्या नंबरावर फोन केला. चौफुल्यावर मोटारसायकलवरून एक माणूस आला. तोंडाला रुमाल होता, पण तो हल्ली प्रत्येकाच्याच तोंडाला असतो. पडताळणीला लागतात म्हणून त्याने तिची अख्खी फाइल नेली: दहावी-बारावीची मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र. कागद परत मागितले तर पैसे मागू लागला, आणि नंतर फोनच बंद झाला.

अशाच तक्रारीचे दोन अर्ज आमच्या टेबलावर आठवडाभर पडून होते, हे मला त्या दिवशी कळले. मी हवालदाराला चार शब्द सुनावले आणि गुन्हा दाखल करून घेतला.

नेहमीच्या वाटा लगेच बंद झाल्या. सिमकार्ड परप्रांतातल्या एका मजुराच्या नावावर होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मुलीला वेबसाइटचे नाव आठवत नव्हते, म्हणून फोन नंबरावरून ती कुणाची याची माहिती सायबर विभागामार्फत मागवली. उत्तराला काही आठवडे लागतील असे कळले. आमच्याकडे तर तीन दिवस होते.

संध्याकाळी एका खबऱ्याचा फोन आला. त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान होते. "साहेब, कंपनीच्या कामाची साइट म्हंजी केडगावची ती शिलाईवाली बाई. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलीय समदं. तिचीच साइट वर दिसती बघा." आमच्या शिपायाने कॉम्प्युटरवर शोधले. खरेच, पहिल्या क्रमांकावर तिचीच साइट होती. मला तेवढे पुरले.

मंगळवारी नोटीस देऊन तिला बोलावले. तिशीच्या आतली मुस्लिम बाई, घरी कपडे शिवायची, नवरा रांजणगावला शिफ्टमध्ये. सासऱ्यांना घेऊन दहाच्या ठोक्याला हजर झाली. तिचा मोबाईल जमा करून घेतला, महिला शिपायाशेजारी तिला बाकावर बसवले आणि मी एका बड्या पाहुण्याच्या बंदोबस्ताला निघून गेलो. परत यायला पाच वाजले. सूर्यास्तानंतर बाईला ठाण्यात ठेवायचे नाही, म्हणून सांगितले, "उद्या दहाला या." सासऱ्यांनी एवढेच विचारले, "साहेब, इचारायचं काय हाय ते तरी सांगा." मी म्हणालो, "उद्या बघू, मामा." संशयिताला थोडे ताटकळत ठेवले की तो मऊ पडतो, असे आम्ही नव्या पोरांना शिकवायचो. मीही तसाच शिकलो होतो.

बुधवारी ती मऊ वगैरे काही पडली नव्हती. चांगलीच तापली होती.

"साहेब, तुम्ही ती साइट हुडकायला काय टाइप केलं होतं?"

खरे तर प्रश्न मी विचारायचे असतात. पण शिपायाने सांगून टाकले, "रांजणगाव कंपनी काम. आणि साहेबांनी स्वतः टाइप केलं, नोकरीविषयक फसवणूक करणारे संकेतस्थळ."

ती हसली. मग घाईने पदर तोंडाला लावला. "असं कोण शोधतं, साहेब? तुमच्या तक्रारदारानं काय टाइप केलं ते इचारलं का?"

विचारले नव्हते. फोन लावला. मुलगी म्हणाली, "चौफुल्यावरून कंपनी बस, बायकांना काम."

"आता हेच टाका," बाई म्हणाली.

टाकले. पहिली तिची साइट, आणि तिच्या खालोखाल, तसाच मजकूर, तशीच मांडणी असलेली दुसरी. फोन नंबर मात्र आमच्या फिर्यादीतला.

त्यानंतर पाऊण तास त्या बाईने माझी शिकवणी घेतली. तिने काम कसे सुरू केले ते सांगितले. आधी स्वतःच्या शिलाईकामासाठी छोटी साइट काढली. मग शेजारच्या बायका विचारू लागल्या, कोणत्या कंपनीत जागा निघाली, बस कुठून जाते. नवऱ्याला विचारून ती माहिती टाकायला लागली. नुसते 'नोकरी' किंवा 'भरती' लिहिले तर मोठमोठ्या साइटी पुढे असतात, तिथे आपला टिकाव लागत नाही. म्हणून लोक नेमके काय विचारतात ते आधी शोधायचे. चार अक्षरे टाइप केली की खाली सुचवण्या येतात, त्या उतरवून घ्यायच्या. कोणता शब्द महिन्यात किती वेळा शोधला जातो, हे दाखवणारे एक फुकटचे साधन असते, त्यात तपासायचे. त्यातून तिला कळले की आमच्या भागातल्या बायका कंपनीचे नाव शोधतच नाहीत.

"कंपनी कंची का असंना, बस दारापासून मिळाली तरच घरचे पाठवत्यात. म्हणून त्या थांबा शोधत्यात. वरवंडवरून बस, चौफुल्यावरून बस, पारगाववरून बस. मी एकेका थांब्याचं नाव घालून लिहिलं, तवा कुठं साइट वर आली."

चौतीस वर्षे मी माणसे शोधत होतो. पण माणसे काय शोधतात, हे मला कुणी असे समजावून दिले नव्हते.

मग तिने दोन्ही साइटी शेजारी शेजारी ठेवल्या आणि थांब्यांच्या यादीवरून बोट फिरवले. एका जागी ते थांबले.

"ह्यो माझा न्हाई."

चोरलेल्या यादीत एक थांबा जास्तीचा होता: वजनकाट्याच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडसमोर. तिने तो त्या साधनात टाकून पाहिला. शून्य. सुचवण्यांतही काही आले नाही.

"हे कुणी म्हंजी कुणीच शोधत न्हाई, साहेब. साइट चालवणारा असला शब्द घालून जागा वाया घालवत नसतो."

"मग घातला कुणी?"

"ज्याला तिथनं बस मिळती, त्यानं."

मी तिचा मोबाईल परत दिला आणि माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या, साहेब. काल कुणी तरी येऊन इचारंल म्हणून मी दिवसभर वाट बघितली." बाहेर बाकावर सासरे बसले होते. दोघे निघून गेले.

वजनकाट्याजवळ कोणती बस थांबते, हे कळायला गुरुवारची सकाळ उजाडावी लागली, कारण बस तिथून दिवसातून एकदाच, पहाटेच्या पहिल्या शिफ्टला जात होती. आमचा हवालदार साध्या कपड्यांत तिथे उभा राहिला. चालकाने सांगितले, "ह्यो आपला थांबा न्हाई. सुपरवायझर हितं राहतो म्हणून थांबावं लागतंय." सुपरवायझर म्हणजे मजूर ठेकेदाराचा माणूस, बसमध्ये कोण चढले, कोण नाही, याची हजेरी घ्यायचा.

ठाण्यात आणल्यावर तो अगदी निवांत बसला. "साहेब, मला वेबसाइटमधलं काय कळतंय? माझं काम हजेरीचं."

मी वाद घातला नाही. कोरा कागद आणि पेन पुढे सरकवले. "नवीन बाई कामाला येणार आहे. बस कुठे कुठे थांबते, तिला समजेल असे लिहा."

त्याने लिहिले. वरवंड, चौफुला, केडगाव, पारगाव. मग पेन क्षणभर अडखळले. पण रोजची सवय वाईट. लिहिले: वजनकाट्याच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडसमोर. मी त्याच्या कागदाशेजारी वेबसाइटचे छापील पान ठेवले. त्याने दोन्ही पाहिले आणि पेन खाली ठेवले.

म्हणाला, "बाईच्या साइटीवरनं उचललं समदं. तिच्यात आमचा थांबा नव्हता. म्हणलं, आपल्याकडची बी पोरं येतील, म्हणून टाकला."

फसवणूक करताना स्वतःच्या गावाची आठवण ठेवणारा तो मला भेटलेला पहिलाच आरोपी.

तो राहायचा त्या शेडमध्ये एका पत्र्याच्या पेटीत फायली मिळाल्या, जवळजवळ चाळीस. पंच बोलावले, एकेक कागद मोजून पंचनामा लिहिला. त्यात कुणालाही घाई करता येत नाही. मुलीची फाइल खालून तिसरी निघाली. पंचांच्या सह्या झाल्या तेव्हा साडेसहा वाजले होते आणि कॉलेजचे कार्यालय पाचला बंद झाले होते. मी प्राचार्यांना फोन केला. ते नीट बोलले, पण मुदत संपताच जागा पुढच्या क्रमांकाला गेली होती.

शुक्रवारी कोर्टाच्या परवानगीने मी तिची कागदपत्रे तिच्या ताब्यात दिली. तिने एकेक कागद उलटून पाहिला, सगळे होते. पावतीवर सही केली. आजोबा दाराबाहेरच उभे राहिले होते. फाइल पिशवीत ठेवताना ती म्हणाली,

"साहेब, एक इचारू? त्या केडगावच्या ताई जबाब द्यायला आल्यात, बाहेर भेटल्या. त्यांना तुम्ही मंगळवारी दिवसभर बसवलं हुतं. सकाळीच इचारलं असतं, तर माझे कागद कवा मिळाले असते?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त माहिती हवी होती. मंगळवारी विचारले असते, तर बुधवारी पहाटे बस पाहिली असती. मी मनात हिशेब केला आणि तिला खरे ते सांगितले.

"बुधवारी संध्याकाळी सापडले असते, गुरुवारी दुपारी तुझ्या हातात असते."

तिने मान हलवली आणि ती गेली.

त्या केसने मला काय शिकवले, हे मी बऱ्याच तरुण अधिकाऱ्यांना सांगितले आहे. समोरचा काय लपवतो आहे, याच्या मागे आम्ही लागतो. त्याला काय ठाऊक आहे, हे विचारायचे राहून जाते. ऐकणारे वहीत लिहून घेतात. मंगळवारचा भाग मात्र मी बराच काळ गाळत असे.

मुलीने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला का, मला माहीत नाही. तिचे गाव ठाण्यापासून अकरा किलोमीटरवर होते आणि मी तिथे आणखी दोन वर्षे होतो. विचारायला गेलो नाही. मला लाज वाटत होती.