दाजी आणि लाल डोळ्यांचे बगळे

माणूस भेटला की दाजी आधी त्याच्या डोळ्यांचा रंग बघत, मग नाव विचारत. हे माझ्या ताईचे यजमान. संस्थानच्या राजधानीत, खासगी बाजार नावाच्या पेठेत, त्यांचं फोटोचं दुकान होतं. मी ताईकडे चार दिवसांसाठी आलो आणि राहूनच गेलो. दाजींनी मला कधी हाकललं नाही. "सालेसाहेब, तुमचे डोळे म्हशीसारखे निवांत आहेत," एवढंच म्हणत.

तेव्हा फोटो काळेपांढरे. दाजी त्यांत ब्रशानं रंग भरत, पण खोटा रंग कधी नाही. सावळी नवरी सावळीच रंगवत. त्यामुळे ऐन लग्नसराईत दुकानात आम्ही दोघंच.

रिकामपणी ते तलावाच्या दलदलीत मोठ्या बगळ्यांचे फोटो काढत. मी कमरेएवढ्या पाण्यात छत्री धरून. "शिंक आली तर गिळा, सालेसाहेब!" विणीच्या दिवसांत बगळ्याचा पिवळा डोळा लालभडक होतो, हे त्यांनीच हेरलं.

हिवाळ्यात एका बड्या सरदारांनी ते रंगवलेले फोटो पाहिले. "डोळा लाल का हो?"

दाजी फुलले. "लाल झाला की पाठीवरची पिसं पुरी भरली समजा, सरकार."

"अस्सं! मग पुढच्या पावसाळ्यात आम्हाला खबर द्या. आमच्या पाहुण्यांच्या मडमांना टोपीत हीच पिसं हवीत."

त्या दिवशी दाजी भरल्या पानावरून उठले.

पावसाळा लागला तसा सरदारांचा माणूस रोज दारात. "बाबूजी, आंख लाल हुई?"

"नहीं भैया, अभी पीली है."

आतून ताई कुजबुजे, "अहो, डोळे लाल झालेत हे त्यांना कळलं म्हणजे?" मी आपला दाराआड, शूरासारखा.

मग एका संध्याकाळी त्या माणसानं विचारलंच नाही. "अब रहने दीजिए. कल सुबह हुजूर खुद जा रहे हैं."

उजाडताच दाजी निघाले, मागोमाग मी. कॅमेरा घरीच, हातात ताईची पितळी परात. पाण्यात शिरून त्यांनी ती बडवायला घेतली. "उडा रे! जा, जा!" बाभळींवरून सगळा थवा उठला. मीही टाळ्या पिटल्या; वाटलं, जिंकलो.

थव्यानं तलावावर एक घिरटी घातली आणि एकेक बगळा परत येऊन आपल्या अंड्यांवर बसला.

दाजींनी पुन्हा बडवली, आणखी जवळ जाऊन. एकही हलला नाही. बांधापलीकडून घोड्यांच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला, तरी दाजी बडवतच होते.