अक्काच्या पाट्याला पॉलिश

माझ्या थोरल्या बहिणीच्या मनगटाला कधीही काहीही झालेलं नव्हतं.

एवढं एक वाक्य सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. लग्नकार्यात तो विषय निघाला की मी पाणी आणायला उठायचो. (एरवी आमच्या घरी मी पाणी आणायला उठत नाही, त्यामुळे बायकोला लगेच कळायचं.) अक्का आता राहिली नाही आणि मी ऐंशीकडे झुकलोय. तेव्हा जे झालं ते नीट लिहून ठेवतो. हसणाऱ्यांनी जरूर हसावं, फक्त यापुढे तिच्यावर नाही, माझ्यावर.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. नेरूळला आमचा छोटासा फ्लॅट होता. घरात मी, बायको सुमन, लग्नाची मुलगी मंजू आणि अक्का. यजमान गेल्यावर अक्का वाईहून आमच्याकडे आली ती एक ट्रंक आणि पाटा-वरवंटा घेऊन. तोही एसटीने. उंबऱ्यात पाऊल ठेवतानाच तिने जाहीर केलं, "दिनू, मी कुणाच्या जिवावर बसून खायची नाही. वाटण, चटणी आणि पुरण माझ्याकडे." घरात मिक्सर होता, पण त्याच्याकडे ती घरात शिरलेल्या परक्या माणसासारखी बघायची. आणि तिच्या पुरणाला खरोखर तोड नव्हती. पोळी तोंडात ठेवली की चावायचं काम उरत नसे. सणाला सगळ्या बिल्डिंगमधून वाट्या यायच्या. त्या पाट्यामुळे अक्का आमच्या घरात आश्रित नव्हती, अधिकारी होती.

आता माझं कर्तृत्व.

आमच्या स्वयंपाकाच्या ओट्याला कडाप्पा होता आणि त्याची कड बिल्डरने करवतीने कापून तशीच सोडली होती. सुमनच्या तीन साड्या त्या कडेने फाडल्या. मी तुर्भ्याला एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. शेजारीच ग्रॅनाइट कापणाऱ्यांचं वर्कशॉप होतं. तिथल्या ओळखीच्या माणसाने मला वापरलेले डायमंड पॅड दिले. मारी बिस्किटाएवढ्या गोल चकत्या, ड्रिल मशीनला लावायच्या. पाणी मारत आधी खरखरीत चकती फिरवायची, मग तिच्याहून बारीक, मग आणखी बारीक. दगडाची कड आरशासारखी होते.

"डायमंड म्हणजे खरे हिरे?" सुमनने चकती उजेडात धरून पाहिली.

"भुकटी असते हिऱ्याची."

"लग्नात मला एक खडा दिला नाहीत. आणि आता कडाप्प्याला हिरे."

मी कामाला लागलो. रेनकोट चढवला, मंजूचा पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर लावला, पायात रबरी चपला घातल्या (ओल्या दगडावर विजेचं मशीन चालवायचं, म्हणजे काळजी नको?) आणि ओट्यावर तुटून पडलो. अर्ध्या तासात स्वयंपाकघरात काळ्या चिखलाचा लेप बसला. फ्रिज, डबे, देवघरातला बाळकृष्ण, कुणीही सुटलं नाही. खालच्या मजल्यावर करावे गावचे म्हात्रे राहायचे. ते जिना चढून आले.

"ओ साहेब, काय चाललाय? आमचे मोरीत वरून काला पानी टपकतंय."

"ओटा पॉलिश करतोय."

"वटा? मना वाटला तुमी बोअरिंग मारताय." मग त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "पन मस्त झायलाय हां."

हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर पुढचं काही घडलं नसतं. त्या कौतुकाने मला भूतच लागलं. मी खिडकीच्या चौकटी घासल्या. बाथरूमच्या पायरीवरच्या टाइलच्या कडा घासल्या. उंबऱ्याची फरशी घासली, त्यावरून दूधवाला घसरला. म्हात्र्यांची मोरीही घासून दिली. कुठे दगडाची धार दिसली की माझा हात शिवशिवायचा. सुमन म्हणायची, "गाडग्या-मडक्यांपासून लांब राहा म्हणजे झालं."

अशात मंजूला पनवेलचं स्थळ आलं. मुलगा चांगला, पत्रिका जुळली. मुलाची आई म्हणाली, "तुमच्या आत्याबाईंच्या पुरणपोळीचं फार ऐकलंय हो. रविवारी जेवायलाच येतो." सगळे खूश. अक्का तर दहा वर्षांनी तरुण झाली. तिने लगेच खालून जाणाऱ्या टाकीवालीला वर बोलावून पाट्याला टाकी लावून घेतली. मग मला म्हणाली, "दिनू, ते तुझं यंत्र आहे ना, त्याने पाट्याचा हा कोपरा तेवढा गोल करून दे बाबा. टवका उडालाय, बोटाला लागतो."

अक्का दुपारी भजनी मंडळात गेली. मी पाटा बाल्कनीत नेला आणि कोपरा गोल केला. उत्तम झाला. मग माझी नजर पाट्याच्या वरच्या बाजूवर गेली.

काय सांगू. देवी येऊन गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखे बारीक खड्डेच खड्डे. मला फार वाईट वाटलं. बिचारी अक्का, असल्या फुटक्या दगडावर वाटतेय. आयुष्यभर मी पुरण खाल्लं, पण ते कशावर वाटतात हे कधी वाकून पाहिलं नव्हतं. आणि टाकी लावणे म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, कल्हई लावण्यातला काहीतरी प्रकार. स्वच्छ करत असतील, असं मी धरून चाललो होतो!

अक्का भजनाला गेली की, अशा दोन दुपारी खपून मी ते खड्डे घालवले. जोडी विजोड दिसू नये म्हणून वरवंट्यालाही तोच न्याय दिला. शेवटची, सगळ्यात बारीक चकती फिरवून झाली तेव्हा पाटा शाळिग्रामासारखा दिसत होता. अक्काला रविवारी आश्चर्याचा सुखद धक्का द्यायचा म्हणून मी कुणाला बोललो नाही. पाटा फडक्याखाली झाकून ठेवला; अक्कानेही तो रविवारच्या पुरणासाठीच राखून ठेवला होता.

आता अक्काला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो पिकायची आम्ही वाट पाहत होतो. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती बैठक मारून बसली, फडकं काढलं, डाळ-गुळाचा गोळा पाट्यावर टाकला आणि वरवंटा ओढला. वरवंटा सुळ्ळकन पुढे गेला. डाळ होती तिथेच.

"अगं बाई," अक्का म्हणाली.

तिने परत ओढला. डाळ पाट्यावरून उडी मारून फरशीवर गेली, तीसुद्धा अखंड.

"सुमन, डाळ नीट शिजलीय ना गं?"

"बोटचेपी झालीय वन्सं. बघा ना दाबून."

"मग हे सटकतंय काय?"

मी मदतीला धावलो. "बाजूला सर, मी बघतो. जोर कमी पडतोय तुझा." मी बाह्या सरसावून वरवंटा रेटला. तो हातातून निसटला, पाट्यावरून विमानासारखा सुटला आणि मीच घासलेल्या उंबऱ्याच्या फरशीचा तुकडा पाडून थांबला. सगळे त्या तुकड्याकडे बघत राहिले. शपथेवर सांगतो, तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी इतरांइतकाच चक्रावलो होतो. "डाळ जुनी असणार," मी वाण्याला दोष दिला. मंजू म्हणाली, गुळात भेसळ. सुमन म्हणाली, "पाट्याला टाकी लावायला झाली असेल."

"टाकी बुधवारी लावलीय, तुझ्यासमोर," अक्का म्हणाली. मग तिने स्वतःचे दोन्ही हात डोळ्यांजवळ नेले आणि उलटसुलट करून पाहिले. "पाट्याचं काही नाही गं. माझाच हात गेला."

मिक्सरला अक्का हात लावू देईना आणि शेजारून पुरणयंत्र आणायलाही वेळ नव्हता. पाहुणे जिन्यात आले होते. त्या पोळ्या म्हणजे डाळीचे दाणे भरलेल्या पिशव्या होत्या. लाटताना फुटत होत्या, भाजताना फुटत होत्या, पानात पडल्यावरही फुटत होत्या. मुलाच्या आईने एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि गोड हसून म्हणाली, "तुमच्याकडे उसळ गोड करतात वाटतं."

लग्न ठरलं, कारण मुलाला मंजू आवडली होती आणि तो पोळ्यांकडे बघतच नव्हता. पण ती गोड उसळ आम्हाला कायमची चिकटली. साखरपुड्यात, लग्नात, बारशात, विहीणबाई हात जोडून म्हणायच्या, "आत्याबाई, आज स्वयंपाक आचाऱ्याकडेच आहे ना हो?" सगळे हसायचे. अक्काही हसायची. मीसुद्धा, पाणी आणायला उठता उठता.

मला कळलं ते त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी. पाटा धुऊन मी बाल्कनीत उभा केला आणि त्यात दोरीवरचे कपडे दिसले. कपड्यांमध्ये माझं तोंड दिसलं. मागून सुमन आली. तिने पाट्यावरून तळवा फिरवला आणि तो माझ्या शर्टाला पुसला.

"अहो, टाकी कशासाठी लावतात?"

"चकाकीसाठी?"

"खरखर येण्यासाठी. म्हणून तर वाटलं जातं." तिचा आवाज एकदम खाली आला. "वन्सं आत ट्रंक भरताहेत. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा."

मी आत गेलो. अक्का साड्यांच्या घड्या घालत होती. "नाशिकला लेकाकडे जाते रे," ती म्हणाली. "तो कधीचा बोलावतोय. इथे आता माझा उपयोग काय?"

"अक्का, तो पाटा..."

"असू दे तुझ्याकडे. मी काय करू त्याचं?"

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण तिने नाक पुसलं, आणि मला वाटलं, आत्ता सांगितलं तर ती आणखी रडेल. (प्रत्यक्षात ती मला वरवंटा फेकून मारणार होती, हे मला आतून माहीत होतं.) मी म्हणालो, "चल, एसटी चुकेल."

पुढे मी काय केलं असेल? पुढच्या वेळी टाकीवालीचा आवाज ऐकला तेव्हा खाली धावलो आणि पाट्याला पुन्हा टाकी लावून घेतली. म्हणजे पुरावा नष्ट केला. नाशिकला अक्काच्या मनगटावर उपचार सुरू झाले. शेक झाला, लेप झाला, कुठल्याशा वैद्याचा काढा झाला. वैद्य चक्रावला, कारण दुखतं कुठे असं विचारल्यावर ती म्हणायची, "दुखत नाही, गेलंय." दर दिवाळीत मी स्वतः तेलाची बाटली घेऊन जायचो आणि त्या ठणठणीत मनगटाला अर्धा अर्धा तास चोळून द्यायचो. तिची सून मला आदर्श भाऊ म्हणायची. दर वेळी परतताना सुमन गाडीत एवढंच विचारायची, "सांगितलंत?" आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

शेवटी अक्का अंथरुणाला खिळली, तेव्हा मात्र मी ठरवून गेलो. वाटेत सगळं मनाशी घोकलं. पॅडपासून सुरू करायचं आणि पाया पडून संपवायचं. तिच्या उशाशी बसलो, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "अक्का, तुला एक सांगायचंय. त्या पुरणाबद्दल."

"थांब," ती म्हणाली. "आधी मला बोलू दे. कधीचं मनात आहे. पोरीच्या सासरच्यांसमोर त्या दिवशी तुझी मान खाली गेली, ती माझ्यामुळे. हात चालत नाही हे आधी कबूल करायला हवं होतं मी. तू कधी एका शब्दाने बोलला नाहीस, पण मला कळत होतं. तो विषय निघाला की तू उठून जायचास. मला माफ कर, दिनू."

सुमन दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. आता बोला, असं तिचे डोळे सांगत होते. मी घसा साफ केला. घोकलेलं पहिलं वाक्य जिभेवर आणलं.

आणि म्हणालो, "जाऊ दे अक्का. मी तुला केव्हाच माफ केलंय."