पायलीभर दादर

जुन्या कागदांजवळ बसणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. त्यासाठी त्याच्या अंगी विनोदबुद्धी असावी लागत नाही. माझ्या अंगी ती नाही, असे माझ्या घरचे एकमुखाने सांगतात. तरीही शहाद्याला आमच्या निंबाखालच्या बाकावर गेल्या काही वर्षांत इतके किस्से साचले आहेत, की ते लिहून ठेवले नाहीत तर माझ्याबरोबरच जातील. जुन्या नोंदींचे असे जाणे मी पुष्कळ पाहिले आहे.

प्रथम मंडळींचा परिचय. मी पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली. शिक्षण सातवी. मोडी लिपी मात्र उसाच्या दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, एका फाटक्या पुस्तकावरून, कोणाच्याही मदतीविना शिकलो. आता लोक आपले पूर्वज शोधत येतात आणि मी त्यांना कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी वही, वाचून दाखवतो. सर्व जण मला आप्पा म्हणतात. दुसऱ्या वसावे मॅडम. त्या तहसील कचेरीची रेकॉर्ड रूम सांभाळतात; आमचा बाक तिच्याच दाराशी आहे. मूळच्या अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातल्या. तिसरे गफूरभाई. फाटलेल्या वह्यांना बाइंडिंग करणे, म्हणजे जिल्दगरी, हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान.

आणि एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. ज्या माणसाने शेकडो लोकांना त्यांचे आजे-पणजे शोधून दिले, त्याला स्वतःच्या वडिलांची जन्मनोंद सापडत नव्हती.

*

सुरतेहून एक साडीचे व्यापारी आले. त्यांचे आजोबा आमच्या तापीकाठच्या गावातून गिरणीत कामाला गेले ते तिकडेच राहिले. नातवाला आजोबांची जयंती थाटात करायची होती, म्हणून नेमकी जन्मतारीख हवी होती.

नोंद सापडली. त्या वर्षीचा कोतवाल तारखेच्या फंदात पडणारा नसावा. त्याने लिहिले होते : "पाटलाची म्हैस व्याली, त्याचे तिसरे रोजी पुत्र."

व्यापाऱ्यांनी ते वाक्य आपल्या डायरीत उतरवून घेतले. मग अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, त्या म्हशीचा काही दाखला मिळू शकेल?"

वसावे मॅडम तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या, "मिळेल ना! पण अर्ज म्हशीच्या वारसाने करायला हवा!"

*

गफूरभाईंच्या दुकानाला दार नाही. तीन भिंती, वर पत्रा, समोर रस्ता. खळीचे पातेले स्टोव्हवर कायम रटरटत असते.

एकदा कशाचा तरी बंद होता. पोरांचे टोळके घोषणा देत आले. "ओ चाचा, दुकान बंद करा!"

गफूरभाईंनी हातातली सुई खाली ठेवली नाही. म्हणाले, "तुम्ही दार बसाडी द्या भो, मी लगेच बंद करसू!"

पोरे हसत पुढे गेली. तेव्हापासून ते अभिमानाने सांगतात, की या दुकानाने आजवर एक दिवसही 'बंद' हा शब्द ऐकून घेतलेला नाही.

*

नवापूरचे एक पोल्ट्रीवाले गाडी घेऊन आले. त्यांच्या पणजोबांचे नाव मी वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. नाव होते उकिरडा.

"आप्पा, नीट वाचा ना! उमराव असेल."

मी सांगितले, की माझ्या वाचनात चूक होत नाही. मग त्यांना आपल्याकडची जुनी रीत समजावून सांगितली. पाठोपाठ मुले दगावली, की पुढच्या मुलाला असे हीन नाव ठेवीत, म्हणजे मृत्यूचे त्याच्याकडे लक्ष जाऊ नये. काही जण तर मूल जन्मताच शेजाऱ्याला विकत. बहुधा परजातीच्या, परधर्माच्या शेजाऱ्याला. तो पायलीभर धान्य देई, मुलाचा एक कान टोची, आणि मूल त्याचे होई. वाढे मात्र आईच्याच कुशीत. लग्नाआधी आईबाप तेवढेच धान्य परत करून त्याला सोडवून आणीत. मृत्यू दारात आलाच, तर त्याने म्हणावे, हे मूल या घरचे नाहीच!

पोल्ट्रीवाल्यांचे समाधान झाले नाही. "ते ठीक आहे, पण दाखल्यावर हे नाव बदलून मिळेल का?"

वसावे मॅडम म्हणाल्या, "साहेब, त्या नावामुळे तर तुम्ही गाडीतून आलात!"

*

खुद्द मॅडमची कथा निराळी. त्यांच्या पाड्यावर जन्म लिहून ठेवणारे कोणीच नव्हते. शाळा निघाली तेव्हा गुरुजींनी अख्ख्या पाड्याची जन्मतारीख एक जून लिहून टाकली. आई, मामा, मावशा, सगळे एक जूनचे.

मी म्हटले, "ही मोठी गैरसोय झाली."

"आमची काही नाही झाली, आप्पा," त्या म्हणाल्या. "मला त्या सुईणीचं वाईट वाटतं. एका दिवसात किती दमली असेल बिचारी!"

आम्ही हसलो. त्या मात्र हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, "आईला विचारलं होतं, मी कधी झाले? तर म्हणाली, महू, म्हणजे मोह, फुलला होता. तेव्हापासून मी कॅलेंडर बघत नाही. महू बघते."

*

आता माझे. आम्हा पाटलांच्या वंशावळी गुजरातेतला वहीवंचा राखतो. काही वर्षांनी एकदा तो लाल कापडात बांधलेली वही घेऊन येतो, ओसरीवर बसतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावे गात वाचतो. त्या वाचनात आपले नाव आले, की माणूस मनातल्या मनात उभा राहतो.

माझ्या घरी मात्र तो आजोबांपाशी थांबतो. आजोबांच्या नावाखाली माझे वडील नाहीत. म्हणून मीही नाही, माझी मुले नाहीत, नातवंडे नाहीत. भाऊबंदांची ओळ पसरत गेलेली आणि आमच्या जागी कोरा कागद.

प्रत्येक वेळी तो म्हणे, "पुरावो लावो काका, हमणां लीटी पाडी आपुं." पुरावा आणा, आत्ता ओळ घालून देतो.

आणि मी प्रत्येक वेळी खाली पाहत असे. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यांचे नाव फकिरा. त्यांच्या डाव्या कानाला टोचलेले भोक होते आणि उजव्याला नव्हते, एवढे मला स्पष्ट आठवते. का, हे विचारायचे राहून गेले. आमच्या गावच्या वहीतली पाटलांची पाने मी इतक्या वेळा चाळली, की गफूरभाई म्हणत, "आप्पा, आते पाने फाटतीन. मालेच परत शिवनं पडी!"

*

मागच्या थंडीत दक्षिण आफ्रिकेतून जुलेखाबेन आल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. डर्बनला त्यांचे कापडाचे दुकान होते. गफूरभाईंचे आजोबा इब्राहीम दुष्काळाच्या साली आमच्याच गावातून, कोवळे मूल आणि बायको मागे ठेवून जहाजाने तिकडे गेले होते. परत आले नाहीत. तिकडे दुसरा संसार झाला. जुलेखाबेन त्या संसारातली नात.

त्यांना मराठी येत नव्हती, हिंदी जेमतेम. गफूरभाईंच्या दुकानासमोर त्या उभ्या राहिल्या. मग त्या एकदम म्हणाल्या, "चाल भो, जेवी ले."

गफूरभाईंच्या हातून खळीचा ब्रश पडला!

इब्राहीमआजोबा म्हणे तिकडे रोज जेवायला बसताना रिकाम्या दाराकडे पाहून एवढेच वाक्य बोलत. घरात कोणालाही अर्थ ठाऊक नव्हता. मुलांनी समजूत करून घेतली होती, की ही जेवणापूर्वीची दुआ आहे. त्या घरात आजही प्रत्येक जण ती म्हणूनच घास घेतो!

*

आमच्या बाकावर बसून जुलेखाबेननी एका कागदाची नक्कल काढली. बंदरावर उतरताना इब्राहीम यांनी सांगितलेली माहिती. त्यात लिहिले होते : मायदेशी मुलगे दोन. हसन आणि फकिरा.

"हसन म्हणजे मन्हा बाप," गफूरभाई म्हणाले. "पन यो दुसरा कोन? आमना घरमा फकिरा नावना कोनी नव्हताच."

फकिरा हे नाव आमच्या खान्देशात हिंदूंतही आहे, मुसलमानांतही आहे. दर चार घरांआड एक सापडेल. मी ते तेव्हा बोलूनही दाखवले. फक्त माझा चहा तसाच राहिला, हे वसावे मॅडमनी पाहिले.

त्या उठल्या आणि आमच्या गावची वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "आप्पा, मुसलमानांची पानं काढा."

ती पाने मी आयुष्यात कधी उघडली नव्हती. मला तिथे काय शोधायचे होते? दुसऱ्यांना समजावलेली रीत मी वडिलांच्या कानाला कधी लावून पाहिली नव्हती.

चौथ्या पानावर नोंद होती. मी ती मोठ्याने वाचू लागलो, कारण माझी ती सवय आहे : "इब्राहीम जिल्दगर याचे घरी पुत्र एक, नाव फकिरा. विकत घेतला. मोबदला दादर एक पायली. मूळ बाप..."

तिथे मी थांबलो. दादर म्हणजे आमच्याकडची हिवाळी ज्वारी. ती मला समजली नाही असे नव्हे.

गफूरभाईंना मोडी येत नाही. "वाचा ना आप्पा. मूळ बाप कोन?"

मी माझ्या आजोबांचे नाव वाचले.

गफूरभाई हळूच म्हणाले, "आप्पा, तुम्ही मन्हा दुकानमा इतला वरीस चहा पिनात. आते कळनं, तो तुम्हना घरनाच व्हता!"

*

त्या दुपारी मला गफूरभाईंच्या घरी नेण्यात आले. वास्तविक इतक्या वर्षांत मी तिथे चहापलीकडे काही घेतलेले नव्हते. का, हे कोणी विचारले नव्हते आणि मी सांगितले नव्हते. गफूरभाईंच्या सूनबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत केले होते. ताट पुढे आले तरी मी हात धुऊन तसाच बसून राहिलो.

जुलेखाबेन समोर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग दाराकडे पाहिले. मग पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चाल भो, जेवी ले."

मी दोन भाकरी खाल्ल्या. भरीत तिखट होते, म्हणून डोळ्यांतून पाणी आले, असे मी सूनबाईंना सांगितले.

"काका," ती म्हणाली, "त्यात मिरची टाकायची राहिली!"

*

जुलेखाबेन परत गेल्या. महिन्याभराने वहीवंचा आला. मी त्या पानाची नक्कल त्याच्यापुढे ठेवली. पुरावा सापडला होता. जन्म सिद्ध झाला होता. त्याने ती दोनदा वाचून घेतली आणि लेखणी खाली ठेवली.

"काका, आमां तो वेच्यो छे," तो म्हणाला. यात तर विकलेला आहे. "पाछो लीधो?"

परत घेतला का? पण धान्य परत घेणार कोण? इब्राहीम जहाजावर गेले. त्यांची बायको हसनला कडेवर घेऊन माहेरी अक्कलकुव्याला गेली, ती कितीतरी वर्षे आली नाही. तोवर माझे आजोबा वारले. वडिलांचे लग्न झाले तेव्हा धान्य परत घ्यायला त्या घरात माणूसच नव्हते.

"जेणे धान आप्युं, एनो दीकरो," वहीवंचा म्हणाला. धान्य ज्याने दिले, मुलगा त्याचा. पण उपाय होता. इब्राहीम यांच्या वारसाने पायलीभर दादर परत स्वीकारावी, की तो त्याच क्षणी ओळ घालायला तयार होता. वडिलांची, माझी, मुलांची, नातवंडांची. तो दोन दिवस गावातच मुक्कामाला होता.

मी नियमाने चालणारा माणूस आहे. बाजारातून उत्तम दादर आणली, सुनेकडून निवडून घेतली, काठोकाठ पायली मोजून पिशवीत भरली आणि शहाद्याला गफूरभाईंच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिलो. ते एका वहीचा कणा शिवत होते. स्टोव्हवर खळ रटरटत होती. मी सर्व हकीकत सांगितली आणि पिशवी पुढे केली.

त्यांनी पिशवीकडे पाहिले. दोरा दातांनी तोडला.

"आज दुकान बंद शे, आप्पा," ते म्हणाले. "सकाय या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. दोन गिऱ्हाइके उभी होती. गफूरभाईंनी त्यांचे काम घेतले, त्यांना पावती दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आज बी बंद शे."

मी म्हटले, "गफूरभाई, वहीवंचा संध्याकाळच्या गाडीने निघणार आहे. पुन्हा कधी येईल, आणि तेव्हा मी असेन की नाही, हे सांगता येत नाही."

त्यांनी सुईत नवा दोरा ओवला. संध्याकाळी मी तिसऱ्यांदा गेलो. पिशवीने खांदा दुखत होता. त्यांनी मला लांबूनच येताना पाहिले. स्टूल झटकून पुढे सरकवले, फडक्याने पुसले, आणि समोरच्या टपरीकडे दोन बोटे दाखवून दोन चहा सांगितले. मग पुन्हा सुई हातात घेतली.

"बसा," ते म्हणाले. "आज दुकान बंद शे, बडेभाई!"